पुंडलिक, हरिश्चंद्र आणि श्रीखंडाचा डबा

मंडळी, दिवाळी कशी झाली? आमच्याकडे यंदा बऱ्याच वर्षांनी सगळे एकत्र होते. पुण्याची लेक, जावईबापू, बंगळूरहून मुलगा-सूनबाई आणि चार नातवंडं. भाऊबीजेच्या संध्याकाळी जेवणं झाली, विड्याचं ताट फिरलं आणि धाकट्या नातीने फर्मान सोडलं, "आबा, डबा काढा!"

डबा म्हणजे श्रीखंडाचा. दोन किलोचा, प्लॅस्टिकचा, झाकणाचा एक कोपरा तुटलेला. त्यात श्रीखंड कधीकाळी होतं, आता चिठ्ठ्या आहेत. प्रत्येक चिठ्ठीवर एक प्रश्न, मागच्या बाजूला उत्तर आणि गुण. पाठकोऱ्या कागदांच्या आहेत बहुतेक, काहींच्या मागे तर जुन्या घटक चाचणीचे प्रश्नही वाचता येतात. घरातल्या मंडळींचे दोन संघ पाडायचे, देवघरातली घंटा मधे ठेवायची, आणि मी प्रश्न विचारायचा. घंटा आधी वाजवेल त्याला संधी. हा खेळ आमच्या घरी मुलं लहान होती तेव्हापासून चालू आहे. 'ही' त्याला 'आबांची शाळा' म्हणते, आणि दर वेळी सुपारी कातरत लांब बसून राहते. उत्तरं तिला बहुतेक येतात, पण ती घंटा वाजवत नाही.

डब्यातल्या चिठ्ठ्या मला अधूनमधून बदलाव्या लागतात, ही या खेळातली एक गंमत आहे. 'सूर्यमालेत ग्रह किती?' या चिठ्ठीच्या मागे 'नऊ' होतं. ऑगस्ट २००६ मध्ये प्राग शहरात खगोलशास्त्रज्ञांची परिषद भरली आणि त्यांनी प्लूटोला पंक्तीतून उठवलं. 'जगातला सर्वांत लांब रेल्वे प्लॅटफॉर्म' ही चिठ्ठी तर खोडून खोडून फाटायला आली आहे. आधी खरगपूर लिहिलेलं. २०१३ साली गोरखपूर झालं. २०२३ मध्ये आमच्या जवळच्याच हुबळीने १,५०७ मीटरचा प्लॅटफॉर्म बांधून पहिला नंबर पटकावला. 'भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?' या प्रश्नाला आम्ही पिढ्यानपिढ्या 'हॉकी' शिकवलं. २०१२ साली लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात सरकारला विचारलं, तेव्हा कळलं की सरकारने कुठलाच खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही! म्हणजे आम्ही मास्तर लोकांनी इतकी वर्षं मुलांना ज्याचे गुण दिले, ते उत्तर कुठल्या सरकारी कागदावर नव्हतंच.

या सगळ्या चिठ्ठ्या मी हसत हसत बदलल्या. यंदा मात्र एक चिठ्ठी निघाली आणि माझं हसू जरा अडकलं. त्याचीच हकीगत सांगायची आहे.

चिठ्ठी अशी : 'भारतातला पहिला चित्रपट कोणता?' मागे माझ्याच अक्षरात, हिरव्या शाईत : 'राजा हरिश्चंद्र, १९१३, दादासाहेब फाळके. ५ गुण.'

मी नाशिक जिल्ह्यात नोकरी केली, त्यामुळे हा प्रश्न माझ्या विशेष लाडका. दादासाहेब त्र्यंबकेश्वरचे. ३० एप्रिल १८७०चा जन्म. अखेरही नाशिकलाच, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी. पांडवलेण्याच्या पायथ्याला त्यांचं स्मारक झाल्यावर आमच्या सहलीसुद्धा तिकडे गेल्या. तेव्हा घंटा कोण वाजवतं याची मी वाटच बघत होतो. वाजवली मोठ्या नातवाने. तो म्हणाला, "श्री पुंडलिक. १९१२. दादासाहेब तोरणे."

मी सवयीने "चूक" म्हणालो. तो म्हणाला, "आबा, चूक नाही. दाखवू का?" आणि त्याने फोन काढला.

दाखवायची गरज नव्हती. कारण 'पुंडलिक' हे उत्तर मी पूर्वी एकदा ऐकलं होतं.

साल १९८६ असावं. त्या सुमारास दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' लागायचा आणि शाळाशाळांतून प्रश्नमंजुषेची साथ आली होती. त्याआधी रेडिओवर बोर्नव्हिटाची स्पर्धा होतीच, पण पडद्यावर ती मुलं बझर दाबताना बघितली आणि आमच्या मुख्याध्यापकांनाही वाटलं, आपणही करू. प्रश्न काढायचं काम माझ्याकडे, कारण इतिहास-भूगोल माझा. मी काय केलं? एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावरून 'सामान्यज्ञाना'ची दोन पातळ पुस्तकं आणली आणि त्यातून प्रश्न उतरवून काढले. पडताळून बघायचं असतं हे बी.ए.ला इतिहास घेऊनही डोक्यात आलं नाही. छापलेलं आहे म्हणजे बरोबर आहे!

आठवीच्या तुकडीत एक मुलगा होता. वडिलांची बदलीची नोकरी, त्यामुळे वर्ष-दीड वर्षच आमच्या शाळेत होता. मूळचे कोकणातले. किरकोळ अंगाचा, बोलताना किंचित अडखळणारा, पण वाचायचा खूप. पहिल्या चित्रपटाचा प्रश्न त्याच्या वाट्याला आला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पुंडलिक."

मी म्हणालो, "चूक." एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण समोर अख्खी शाळा बसलेली, हातात माईक, आणि मास्तरला टाळ्या मिळवायची हौस. मी म्हणालो, "अरे, तू कीर्तनाला नाही आलास, प्रश्नमंजुषेला आला आहेस!"

सभागृह खदाखदा हसलं. प्रश्न पुढच्या संघाकडे गेला, त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' सांगून पाच गुण घेतले. त्या मुलाचा संघ शेवटी पाचच गुणांनी हरला. पुढे काही दिवस त्याला वर्गात 'पुंडलिक' म्हणत होते हे मला माहीत होतं. मी कुणाला रागावलो नाही. नंतर त्याच्या वडिलांची बदली झाली आणि विषय संपला. माझ्यापुरता.

भाऊबीजेच्या रात्री सगळे झोपल्यावर मी नातवाचा तो फोन घेऊन बसलो. दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेलो, चित्रपटाच्या इतिहासावरची दोन-तीन पुस्तकं आणली. जे कळलं ते थोडक्यात लिहितो. थोडक्यात लिहिणं मला जमत नाही हे आपल्याला माहीत आहेच.

रामचंद्र गोपाळ तोरणे हा मालवणकडचा मुलगा. १८९०चा जन्म, म्हणजे १९१२ साली अवघा २२ वर्षांचा. मुंबईत विजेच्या वस्तूंच्या कंपनीत नोकरी आणि नाटकाचं वेड. 'पुंडलिक' नावाचं एक मराठी नाटक चांगलं चालत होतं. तोरणे आणि त्यांच्या साथीदारांनी ठरवलं की याचं चित्र घ्यायचं. कॅमेरा चालवायला जॉन्सन नावाचा गोरा माणूस होता. कॅमेरा एका जागी उभा केला, समोर नाटक झालं, फिल्म धुवायला लंडनला गेली, तिकडून परत आली आणि १८ मे १९१२ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागली. चित्र वीस-बावीस मिनिटांचं. मराठी नाटक म्हणजे अर्धं गाणं, आणि हे सगळं मुकं! तरी लोकांनी गर्दी केली. दोन आठवडे चाललं, त्या काळाच्या मानाने ही थोडी गोष्ट नव्हे.

याच्या जवळजवळ वर्षभराने, ३ मे १९१३ रोजी, 'राजा हरिश्चंद्र' लागला. कुठे? त्याच गिरगावात, त्याच कॉरोनेशनमध्ये! हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. म्हणजे ज्या दोन चित्रपटांची भांडणं आपण इतकी वर्षं घालतो आहोत, ते एकाच पडद्यावर, एकाच गल्लीतल्या प्रेक्षकांनी पाहिले. त्यातल्या कित्येकांनी दोन्ही पाहिले असतील. त्यांना कुणी 'पहिला कुठला' हे विचारलं असतं, तर त्यांना तो प्रश्नच विचित्र वाटला असता.

दादासाहेब फाळके यांची गोष्ट आपल्याला पाठ आहे. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांना आपल्या देवांची चित्रं पडद्यावर आणायची ओढ लागली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२च्या सुरुवातीला लंडनला गेले, तिथे सेसिल हेपवर्थ यांच्याकडे काम बघितलं, विल्यमसन कॅमेरा घेऊन परत आले. भांडवल उभं करायला आधी एका कुंडीतलं बी कसं रुजतं, वाढतं, ते रोज थोडं थोडं टिपून त्याची छोटी फिल्म केली. दादरला घरातच स्टुडिओ. कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडायची, ती धुवायची, ही कामंसुद्धा घरात. सरस्वतीबाई ती करायच्या आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही. मला विचाराल तर त्या बाईंवर एक स्वतंत्र चिठ्ठी हवी. तारामतीच्या कामाला बायका मिळेनात, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवली. रोहिदास झाला फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. ३,७०० फूट लांबीचं चित्र झालं.

आता वाद कसा आहे बघा. फाळक्यांच्या बाजूचे म्हणतात, 'पुंडलिक' हा चित्रपटच नव्हे, ती नाटकाची नोंद. कॅमेरा हलला नाही, कॅमेरामन परदेशी, फिल्म धुतली परदेशात. तोरण्यांच्या बाजूचे म्हणतात, कथा आहे, नट आहेत, तिकीट लावून पडद्यावर दाखवला आहे, वर्षभर आधी दाखवला आहे, मग आणखी काय हवं? 'पुंडलिक'ची प्रत आज शिल्लक नाही. 'हरिश्चंद्रा'ची काही रिळं तरी पुण्याच्या संग्रहालयात आहेत. शासनाने १९६९ सालापासून फाळक्यांच्या नावाने पुरस्कार दिला, २०१३ साली शताब्दीही ३ मे धरूनच झाली. शासनाचा शिक्का बसला की आमच्या एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकाला दुसरं काय छापायचं!

हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर सांगत होतो तेव्हा सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, मग आमचे हीरालाल सेन?" सूनबाई कोलकात्याची. तिचं म्हणणं असं की तिकडे हीरालाल सेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच क्लासिक थिएटरमधल्या नाटकांचे प्रवेश कॅमेऱ्याने टिपले होते. 'अलीबाबा' १९०३च्या सुमाराचा. १९१७ साली आग लागून त्यांचं सगळं काम जळून गेलं. नाटक टिपलं म्हणून 'पुंडलिक' पहिला म्हणायचा, तर मग सेनबाबूंचं काय? मी म्हटलं, तसं तर आमचे सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरही आहेत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या माणसांनी पहिला खेळ केला, तो पाहून सावेदादांनी कॅमेरा मागवला, १८९९ साली हँगिंग गार्डनवरची कुस्ती टिपली. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले तेव्हा त्यांचं स्वागतही टिपलं. म्हणजे त्यांचंही नाव हरिश्चंद्रच! (हे मला फार आवडलं. पण सूनबाई हसली नाही.)

मग तिने दुसरी चिठ्ठी उचलली. 'भारतातली पहिली महिला डॉक्टर?' मागे आनंदीबाई जोशी. "आणि कादंबिनी गांगुली?" मी गप्प. आनंदीबाईंना फिलाडेल्फियाची पदवी मार्च १८८६ मध्ये मिळाली. कादंबिनीबाई कलकत्त्याच्याच मेडिकल कॉलेजातून त्याच साली वैद्यकीची पात्रता घेऊन बाहेर पडल्या. आनंदीबाई परत आल्या त्या क्षय घेऊन. कोल्हापूरच्या दवाखान्यातली नेमणूक ठरली होती, पण तिथे रुजू होण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती. कादंबिनीबाईंनी पुढे कितीतरी वर्षं रोगी तपासले, आणि आठ मुलांचा संसारही केला. मी छत्तीस वर्षं शिकवलं. आनंदीबाईंवर निबंध लिहून घेतले, भाषणं बसवली. कादंबिनीबाईंचं नाव एकदाही उच्चारलं नाही. आणि सूनबाईने शाळेत आनंदीबाईंचं नाव ऐकलं नव्हतं म्हणे. घरात सून येऊन अकरा वर्षं झाली, हा विषय आत्ता निघाला.

रेल्वेची चिठ्ठीही अशीच. १६ एप्रिल १८५३, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटं, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० पाहुणे, तीन इंजिनं आणि २१ तोफांची सलामी. हे मी झोपेतही सांगेन. पण त्याआधी, १८३७ साली मद्रासजवळ रेड हिल्सला दगड वाहणारी रेल्वे होती, आणि १८५१ मध्ये रुडकीला कालव्याच्या कामावर माती वाहायला वाफेचं इंजिन आलं होतं. आपल्या प्रश्नात 'प्रवासी' हा एक शब्द घातला की बोरीबंदर बरोबर, तो गाळला की चूक. आमच्या पुस्तकाने तो गाळलेला होता.

एका पुस्तकातली चूक दुसऱ्यात कशी उतरते याचा एक मजेदार किस्सा जावईबापूंनी सांगितला. अमेरिकेत फ्रेड वर्थ नावाच्या गृहस्थांनी असल्या फुटकळ माहितीचा कोश काढला. आपलं कुणी चोरलं तर कळावं म्हणून त्यांनी त्यात मुद्दाम एक खोटी गोष्ट पेरली. टीव्हीवरचा प्रसिद्ध डिटेक्टिव्ह कोलंबो, त्याचं पहिलं नाव फिलिप, असं लिहून टाकलं. पुढे 'ट्रिव्हियल पर्स्यूट' हा प्रश्नांचा खेळ कॅनडातून निघाला, जगभर खपला, आणि त्यातल्या एका कार्डावर उत्तर छापलेलं : फिलिप! वर्थसाहेबांनी १९८४ साली ३० कोटी डॉलरचा दावा लावला. पण हरले. कोर्टाचं म्हणणं पडलं की माहितीवर कुणाची मालकी नसते. मला या गोष्टीत कोर्टाचं काही नवल वाटलं नाही. त्या कार्डावरून 'फिलिप' असं उत्तर देऊन गुण घेतलेल्या आणि दुसरं काही सांगून गुण गमावलेल्या घरांचं वाटलं.

असो. आता राहिलेलं सांगतो.

आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअॅपवर एक गट आहे. तिथे मी विचारलं, अमुक अमुक मुलगा कुणाच्या संपर्कात आहे का. दोन दिवसांनी नंबर आला. फोन करायचा धीर होईना म्हणून निरोप लिहिला. 'मी तुझा इतिहासाचा सर. त्या प्रश्नमंजुषेत तुझं उत्तर बरोबर धरायला हवं होतं. निदान तुला हसायला नको होतं. माफ कर.' एवढं लिहायला मला पाऊण तास लागला. 'ही' शेजारी बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, "पाठवा आता. त्याला पेपर तपासून घ्यायचा नाही तुमचा."

संध्याकाळी त्याचाच फोन आला. आवाज ओळखू आला नाही, पण अडखळणं तेच. बराच वेळ बोलला. त्रेपन्न वर्षांचा आहे, कोल्हापूरला असतो, दोन मुली. मी पुन्हा माफीचं काढलं तर म्हणाला, "सर, ते कधीच सोडून दिलं." मग थोडं थांबून म्हणाला, "आजोबांना मात्र वाईट वाटलं होतं."

मी विचारलं, "आजोबांनी सांगितलं होतं का तुला पुंडलिकाचं?"

"हो सर. ते लहानपणी गिरगावात राहायचे ना, काकांकडे. त्यांनी तो बघितला होता."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. तो सांगत होता की आजोबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते, काकांनी खांद्यावर घेऊन दाखवला होता, आणि त्या खेळाला एक इंग्रजी चित्रही जोडलेलं होतं. त्याचं आजोबांना काही कळलं नाही. शाळेत स्पर्धा झाली त्या वर्षी ते त्यांच्याकडेच राहायला होते. आमच्या शाळेपासून दहा मिनिटांवर. १९८८ साली गेले.

म्हणजे १९८६ साली, माझ्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, 'पुंडलिक' स्वतः पाहिलेला एक म्हातारा माणूस ओसरीवर बसलेला होता. ज्या चित्रपटाची एक फूट फिल्मही आज उरली नाही, तो ज्याच्या डोळ्यांनी पाहिला असा माणूस. आणि मी, इतिहासाचा मास्तर, त्याच्या नातवाला "कुणी सांगितलं रे तुला?" एवढं विचारण्याऐवजी माईकवर विनोद करत होतो.

मी त्याला म्हटलं, "आजोबांनी आणखी काय काय सांगितलं होतं, आठवेल तेवढं लिहून पाठवशील?" तो म्हणाला, "प्रयत्न करतो सर, पण फार नाही आठवत. पडद्यावर विठोबा हलला नाही म्हणून ते हिरमुसले होते, एवढं नक्की आठवतं. ते नेहमी सांगायचे."

ती हिरव्या शाईची चिठ्ठी मी फाडली नाही, डब्यातच आहे. शेजारी एक नवी टाकली. पुढच्या बाजूला : 'गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात १८ मे १९१२ रोजी कोणता चित्रपट लागला? त्यात विठोबा हलला होता का?' मागची बाजू अर्धीच लिहिली आहे. त्याचं पत्र आलं की उरलेली भरेन.